फ्रँचायझीचा करार शेवटाकडून वाचा

प्रश्न: कपडे धुलाई आणि ड्रायक्लीनिंगच्या एका साखळीची फ्रँचायझी घ्यायचं ठरवलं आहे. करार ४६ पानांचा आहे. ‘हा आमचा स्टँडर्ड करार, यात अक्षरही बदलत नाही, सगळे अशीच सही करतात,’ असं कंपनीचे प्रतिनिधी सांगतात. गुंतवणूक १८ महिन्यांत वसूल होते, असं त्यांनी व्हॉट्सअ‍ॅपवर लिहिलं आहे. शनिवारपर्यंत बुकिंग फॉर्म भरून टोकन दिलं नाही तर एरिया दुसऱ्याला जाईल म्हणतात. फ्रँचायझी ५ वर्षांची आहे, जागा मात्र ९ वर्षांच्या भाडेकराराने मिळते आहे. नवऱ्याने जामीन राहायचं आहे. माझे दीर म्हणतात, करार बदलणारच नसेल तर वकिलाला पैसे कशाला द्यायचे? वकील गाठू का, आणि गाठला तर त्याला नेमकं काय विचारू?
– एक वाचक

उत्तर:

सप्रेम नमस्कार.

गाठा, आणि शनिवारच्या आत गाठा. ४६ पानांच्या कराराला अजून वेळ आहे. त्याआधी तो बुकिंग फॉर्मच तुम्हाला अडकवू शकतो. अशा फॉर्ममध्ये बहुतेक वेळा दोन वाक्यं असतात. टोकन कोणत्याही कारणाने परत मिळणार नाही, हे एक. अर्जदार ३० दिवसांत कंपनीच्या प्रचलित नमुन्यातला करार करील, हे दुसरं. दोन्ही जोडून वाचा. न तपासलेल्या कराराला तुम्ही होकार देऊन बसता, आणि वकिलाने नंतर कितीही हरकती काढल्या तरी माघार घ्यायची तर टोकनवर पाणी सोडावं लागतं. म्हणून वकिलाच्या हातात पहिला कागद हाच द्या.

टोकन द्यायचंच असेल तर तीन अटी लेखी घ्या. वकिलाच्या तपासणीनंतर करार मान्य झाला नाही, कर्ज मंजूर झालं नाही किंवा जागेचा भाडेकरार जमला नाही, तर पूर्ण रक्कम १५ दिवसांत परत. पैसे फक्त कंपनीच्या खात्यात भरा, प्रतिनिधीच्या खात्यात नाही. हे सांगावं लागू नये, पण लागतं. एरिया जाण्याच्या भीतीबद्दल एवढंच म्हणू: पाच वर्षं बांधून घेणारी कंपनी दहा दिवस थांबायला तयार नसेल, तर उद्या मशीन बंद पडून तुमचा हप्ता लांबला तेव्हा ती किती थांबेल, याचा अंदाज आत्ताच बांधा.

आता दिरांचा मुद्दा. करारात अक्षरही बदललं नाही तरी वकिलाचं काम उरतंच. आपण किती रकमेच्या जबाबदारीवर सही करतो आहोत, हे तो सांगतो. तो आकडा कळल्यावर तुम्ही कदाचित सही करणार नाही, कदाचित दुसरी जागा बघाल, कदाचित नवऱ्याला जामीन ठेवणार नाही. शिवाय ‘बदलत नाही’ हे अर्धंच खरं असतं. रॉयल्टीचा (म्हणजे विक्रीतून कंपनीला द्यायच्या हिश्श्याचा) दर, गुणवत्तेचे नियम, बोर्डाचा रंग यांवर कंपन्या सहसा हलत नाहीत, कारण एका दुकानाला सूट दिली की उरलेली दुकानंही मागतात. पण मूळ करार तसाच ठेवून सोबत ‘विशेष अटी’ म्हणून दोन पानांचं परिशिष्ट जोडायला पुष्कळ जण तयार होतात. क्षेत्राची हद्द, चूक सुधारायची मुदत, जामिनाची मर्यादा, मृत्यू किंवा गंभीर आजार आल्यास काय करायचं, डिपॉझिट कधी परत, या गोष्टी तिथे बसतात. ‘मूळ करार आणि परिशिष्ट यांत विसंगती आढळल्यास परिशिष्ट ग्राह्य धरावे’ हे वाक्य मात्र त्यात असलंच पाहिजे. ते नसेल तर मूळ करार वरचढ ठरून परिशिष्ट वाया जाऊ शकतं.

करार वाचायचा तो शेवटाकडून. सुरुवातीची पानं ब्रँडची थोरवी आणि व्याख्या सांगण्यात जातात. तुमचं नशीब ‘करार समाप्ती’ आणि ‘समाप्तीनंतरची बंधने’ या दोन कलमांत असतं. वकिलाला पहिला प्रश्न हा विचारा: तिसऱ्या वर्षाच्या शेवटी धंदा झेपेना म्हणून मी दुकान बंद केलं, तर त्या दिवशी मी कोणाला किती देणं लागते आणि माझ्याकडे काय उरतं? उत्तर तोंडी घेऊ नका, आकड्यांत लिहून घ्या. उरलेल्या २४ महिन्यांची किमान रॉयल्टी मागायचा हक्क कंपनीने ठेवला आहे का? जागेचा लॉक-इन, म्हणजे भाडेकरार सोडता येत नाही तो काळ, किती महिने उरतो? बोर्ड, रंग, फर्निचर उतरवायचा खर्च कोणाचा? मशीनं कंपनी परत घेणार का, घेतली तर किंमत कोण ठरवणार? तिच्याच माणसाने ठरवायची असेल तर तो हक्क जवळपास नसल्यासारखाच आहे.

तुमच्या धंद्यात एक खास अडचण आहे, ती कराराच्या मसुद्यात क्वचित सापडते. समाप्तीच्या दिवशी दुकानात ग्राहकांचे दोन-तीनशे कपडे धुऊन किंवा धुवायचे पडलेले असतात. त्यांच्या टॅगवरचा नंबर कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्येच उलगडतो. लॉगिन त्याच दिवशी बंद झालं तर कुठली साडी कोणाची हे सांगता येत नाही, आणि भरपाई मागायला ग्राहक तुमच्या दारात येतो. त्यामुळे समाप्तीनंतर ३० दिवस माहिती फक्त बघण्यापुरतं लॉगिन चालू राहील, ही अट विशेष अटींत घाला. ग्राहकांचे फोन नंबर कंपनीच्या मालकीचे, असं करारात असेलच. त्यावर भांडून फारसा उपयोग होत नाही.

समाप्तीच्या कलमात नोटिशीचे दिवसही मोजा. ‘नोटीस पाठवल्यापासून ७ दिवस’ आणि ‘नोटीस मिळाल्यापासून ३० दिवस’ यांत दुकान वाचण्या-बुडण्याचा फरक असतो. पैसे थकल्यास १० ते १५ दिवस आणि इतर त्रुटींसाठी ३० दिवस ही मागणी रास्त आहे. ‘१२ महिन्यांत तीन नोटिसा आल्यास करार तत्काळ रद्द’ असं वाक्य दिसलं तर सुधारलेल्या चुकांच्या नोटिसा त्यात मोजल्या जाणार नाहीत, हे लिहून घ्या. नाहीतर टोपी न घातलेला कामगार, विझलेला बोर्डाचा दिवा आणि दोन दिवस उशिरा भरलेली रॉयल्टी अशा तीन किरकोळ कारणांवर तुमची सगळी गुंतवणूक जाऊ शकते. करार संपवायचा हक्क तुम्हालाही आहे का, तेही पाहा. बहुतेक मसुद्यांत नसतो. निदान कंपनीने पुरवठा थांबवला किंवा ट्रेडमार्कवरचा हक्क गमावला तर देणं न लागता बाहेर पडता यावं.

तुमच्या पत्रात आम्हाला सगळ्यात जास्त खटकलं ते ९ आणि ५ हे आकडे. सहावं वर्ष डोळ्यांसमोर आणा. फ्रँचायझी संपली, बोर्ड उतरला. भाडेकराराची चार वर्षं बाकी आहेत. फ्रँचायझीच्या करारात समाप्तीनंतर दोन वर्षं त्याच भागात धुलाईचा धंदा न करण्याची अट आहे, आणि भाडेकरारात जागा ‘फक्त लाँड्रीसाठी’ असं लिहिलेलं आहे, असं धरा. एक करार लाँड्री चालवू देत नाही, दुसरा लाँड्रीशिवाय काही करू देत नाही, आणि भाडं दर महिन्याला चालूच. दोन्ही कागद एकाच वकिलाने, एकाच टेबलावर शेजारी ठेवून वाचले तरच हा पेच दिसतो. वेगवेगळ्या माणसांनी वेगवेगळे वाचले तर दोन्ही आपापल्या जागी ठीक वाटतात.

हा पेच प्रामुख्याने भाडेकरारात सोडवायचा. पाच वर्षांनंतर भाडेकरूला तीन महिन्यांच्या नोटिशीवर बाहेर पडता येईल आणि घरमालक मात्र नऊ वर्षं बांधलेला राहील, अशी रचना मागा. वापराच्या कलमात ‘कोणताही कायदेशीर व्यापारी वापर’ घाला. फ्रँचायझीच्या नूतनीकरणाचं कलमही बघा. ‘कंपनीच्या मर्जीनुसार’ असेल तर नूतनीकरण तुमच्या हातात नाही असंच धरून चाला. ‘फ्रँचायझीधारकाने अटी पाळल्या असल्यास आणखी ५ वर्षांचा हक्क’ असं हवं. तेव्हा सही मात्र बहुधा त्या वेळच्या नव्या नमुन्यावर करावी लागते. म्हणून रॉयल्टीचा दर आणि क्षेत्राची हद्द बदलणार नाही, आणि नव्या सजावटीच्या खर्चाला कमाल मर्यादा राहील, एवढं आजच ठरवून ठेवा. काही करारांत समाप्तीनंतर जागा स्वतःच्या नावावर घ्यायचा हक्क कंपनी राखते. तसं असेल तर तुम्ही घरमालकाकडे ठेवलेलं डिपॉझिट ताबा देण्याआधी कंपनीने तुम्हाला द्यावं.

जामिनाबद्दल थोडं कडक बोलतो. कंपनी आधी तुमच्याकडून वसुली करील आणि उरलं तर नवऱ्याकडे जाईल, असा समज असेल तर तो काढून टाका. भारतीय करार कायद्याच्या कलम १२८ प्रमाणे, करारात वेगळं ठरलेलं नसेल तर जामीनदाराची जबाबदारी मूळ देणेकऱ्याइतकीच असते. कंपनी थेट त्यांच्याकडे जाऊ शकते. ‘आजची व भविष्यातील सर्व देणी’ असा मजकूर असेल तर तो घराच्या उंबऱ्यापर्यंत पोचतो. सहा महिन्यांच्या सरासरी रॉयल्टीइतकी कमाल रक्कम, करार संपल्यानंतर ठरावीक महिन्यांनी जामीन आपोआप संपणं, आणि दुकान दुसऱ्याला विकल्यास त्याच दिवशी मुक्तता, या तीन मर्यादा मागा. नवऱ्याने शक्य तर वेगळ्या वकिलाशी अर्धा तास बोलावं. घर एक असलं तरी या कागदापुरतं तुमचं आणि त्यांचं हित एक नाही.

१८ महिन्यांचं व्हॉट्सअ‍ॅप जपून ठेवा, पण त्याच्या भरवशावर राहू नका. शेवटच्या दोन-तीन पानांत ‘हा करार म्हणजे उभयपक्षांमधील संपूर्ण समझोता असून यापूर्वीची सर्व तोंडी व लेखी आश्वासने रद्द समजावीत’ असं कलम बहुतेक असेल. शेजारीच ‘फ्रँचायझीधारकाने स्वतःच्या चौकशीवर विसंबून निर्णय घेतला आहे’ असंही असेल. म्हणजे तो मेसेज खोटा होता अशी कबुली न देता कंपनी तो निकामी करते. फसवणूक सिद्ध झाली तर कायदा मदतीला येतो, पण सिद्ध करायला वर्षं जातात. आजचा सोपा मार्ग म्हणजे आकड्यांचा तक्ता परिशिष्ट म्हणून जोडायला सांगा: कोणत्या दुकानांवरून काढले, किती महिन्यांचे, भाडं, कर्जाचं व्याज आणि मालकाचा पगार त्यात धरला आहे का. मालक स्वतः दिवसाचे बारा तास फुकट उभा राहतो असं गृहीत धरलं की १८ महिने सहज जमतात. हा तक्ता जोडायला कंपनी तयार नसेल तर तिचाच त्या आकड्यावर किती विश्वास आहे ते कळलं. हा हिशेब सीएकडून तपासून घ्या. धंदा चालेल का, हे वकील सांगत नाही. विचारलं तरी त्याने सांगू नये.

रॉयल्टी कशावर आहे, ते व्याख्येत बघा. मजकूर ‘एकूण बिलिंग’ असा असेल तर शंभर रुपयांचं बिल धरून गणित करा. कंपनीच्या अ‍ॅपने ग्राहकाला २० रुपयांचं कूपन दिलं, उरले ८०. ऑर्डर आणल्याबद्दल अ‍ॅपने त्यावर १५ टक्के म्हणजे १२ रुपये कापले. हातात ६८. आता ८ टक्के रॉयल्टी आणि २ टक्के जाहिरात निधी मूळ शंभरावर मोजला तर १० रुपये गेले. बोलण्यात १० टक्के आणि प्रत्यक्ष हातात आलेल्या पैशांवर जवळपास १५. कूपन द्यायचा निर्णय कंपनीचा, भुर्दंड तुमचा. म्हणून व्याख्या ‘कर, परतावे, सवलती आणि प्लॅटफॉर्म शुल्क वगळून प्रत्यक्ष मिळालेली रक्कम’ अशी करून घ्या. किमान रॉयल्टी असेल तर पहिले सहा महिने माफ मागा.

क्षेत्राच्या कलमात ‘३ किलोमीटर’ एवढंच लिहून भागत नाही. सरळ रेषेत की रस्त्याने? नकाशा जोडा. तुमच्या धंद्यात दुसऱ्या दुकानापेक्षा अ‍ॅपची भीती जास्त आहे. तुमच्या हद्दीतली ऑर्डर अ‍ॅपने कंपनीच्या स्वतःच्या केंद्राकडे वळवली तर शेजारी दुकान उघडल्यासारखंच. हद्दीतून आलेली प्रत्येक ऑर्डर आधी तुम्हाला मिळेल आणि ठरावीक वेळेत तुम्ही घेतली नाही तरच दुसरीकडे जाईल, असं हवं.

बाकीचं भराभर. मशीन आणि रसायनं कंपनीकडूनच घ्यायची असतील तर भाववाढीवर मर्यादा आणि पुरवठा थांबल्यास बाहेरून घ्यायची मुभा. ‘ऑपरेशन्स मॅन्युअल’, म्हणजे दुकान चालवायच्या नियमांची पुस्तिका, सहीआधी वाचायला मागा, कारण करार ‘मॅन्युअल वेळोवेळी बदलू शकते’ म्हणतो आणि खर्चाचे नवे नियम तिथूनच येतात. वाद कोर्टाऐवजी लवादाकडे न्यायचा असेल तर त्याचं ठिकाण कुठलं आणि लवाद कोण नेमणार, हेही बघा.

ट्रेडमार्क मात्र भराभर सोडू नका. ट्रेडमार्क नोंदणीच्या सरकारी संकेतस्थळावर तो मोफत शोधता येतो. धुलाई आणि ड्रायक्लीनिंग सेवा वर्ग ३७ मध्ये येतात. साबण-डिटर्जंटच्या वर्ग ३ मध्ये नोंदणी आहे म्हणून धुलाईच्या सेवेला तेच संरक्षण मिळेल असं नाही. नोंदणी झाली आहे की फक्त अर्ज आहे, हरकत पडली आहे का आणि मालक म्हणून कोणाचं नाव आहे, ते पाहा. करार एका कंपनीशी आणि ट्रेडमार्क संस्थापकाच्या वैयक्तिक नावावर, असं आढळलं तर संस्थापकाने कंपनीला दिलेला परवाना दाखवायला सांगा. तुम्ही विभागीय मास्टर फ्रँचायझीकडून, म्हणजे मूळ कंपनीकडून अख्ख्या विभागाचे हक्क घेऊन पुढे फ्रँचायझी देणाऱ्याकडून, घेत असाल तर त्याचा करार तुटला तरी तुमचा चालू राहील, हे मूळ कंपनीकडून लिहून घ्यावं लागतं.

कायद्याचा आधार देशागणिक बदलतो. अमेरिकेत फेडरल ट्रेड कमिशनच्या नियमाप्रमाणे, जो १९७९ पासून लागू आहे, सही किंवा पैसे घेण्याच्या किमान १४ दिवस आधी २३ बाबींचं माहितीपत्रक द्यावं लागतं. फ्रान्समध्ये १९८९ च्या कायद्याने हे अंतर २० दिवसांचं आहे. भारतात फ्रँचायझीसाठी स्वतंत्र कायदा नाही. १८७२ च्या करार कायद्यावरच बरंच भागतं, आणि म्हणूनच इथे मसुद्याची तपासणी जास्त महत्त्वाची. कलम २७ मुळे करार संपल्यानंतरची व्यवसायबंदी, वरच्या पेचातल्या दोन वर्षांच्या अटीसारखी, कोर्टात साधारणपणे टिकत नाही, पण त्यासाठी कोर्टात जावं लागू शकतं. करार चालू असतानाची बंदी मात्र टिकते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली शीतपेय बाटलीबंदीच्या प्रकरणात सांगितलं. कलम ७४ प्रमाणे दंडाचा लिहिलेला आकडा ही कमाल मर्यादा असते आणि न्यायालय वाजवी भरपाईच देतं. पण तुमचं डिपॉझिट कंपनीच्या खात्यात असेल तर ती आधी वळतं करते आणि कोर्टाची पायरी तुम्हाला चढावी लागते. अमेरिकी यादीतले तीन मुद्दे तुम्हीही बेलाशक मागा: गेल्या तीन वर्षांत किती दुकानं उघडली आणि किती बंद झाली, कंपनीचे तीन वर्षांचे लेखापरीक्षित हिशेब, आणि सोडून गेलेल्या फ्रँचायझीधारकांचे फोन. सोडून गेलेल्या दोघांशी बोललात तर चालू असलेल्या दहांपेक्षा जास्त कळेल.

वकील कंपनीने सुचवलेला नको. त्याने याआधी फ्रँचायझीचे करार कोणत्या बाजूने पाहिले ते विचारा. कंपन्यांसाठी मसुदे लिहिलेला आणि आता तुमच्या बाजूने बसलेला माणूस चांगला, फक्त याच कंपनीचं काम तो करत नसावा. फी ठरावीक कामाला ठरावीक रक्कम अशी बोला: बुकिंग फॉर्म, करार, जामीनपत्र आणि भाडेकरार यांची तपासणी, लेखी मत, आणि कंपनीशी बोलणीची एक फेरी. त्याला हे चारही कागद, कर्जाचं पत्र आणि प्रतिनिधीशी झालेल्या सगळ्या मेसेजची प्रत एकदमच द्या. तुकड्यातुकड्याने दिलेत तर त्याला पेच दिसणार नाहीत आणि फी वाढेल. लेखी मतात कलमांचे तीन गट मागा: बदललंच पाहिजे, बदललं तर बरं, आणि आहे तसं चालेल. पहिल्या गटात पाच-सहांपेक्षा जास्त कलमं आली तर त्यांची उतरंड लावून घ्या. चाळीस हरकतींची यादी पाठवली की कंपनी किरकोळ पस्तीस मान्य करते आणि खऱ्या पाचांना हात लावत नाही.

आणि शनिवार यायच्या आत प्रतिनिधीला ईमेल करा, फोन नको: ‘फ्रँचायझी घेण्याची आमची तयारी आहे. बुकिंग फॉर्म, करार, जामीनपत्र व ऑपरेशन्स मॅन्युअल वकिलांकडे तपासणीसाठी देत आहोत. त्यास १४ दिवस लागतील. तोपर्यंत क्षेत्र राखून ठेवावे ही विनंती. टोकन आत्ता हवे असल्यास ते वरील तपासणी, कर्ज व भाडेकरार यांच्या अधीन राहून व पूर्ण परताव्याच्या अटीवर भरू. तशी लेखी संमती कळवावी.’ ते फोनवर ‘हो हो, चालेल’ म्हणाले, तर त्याच संध्याकाळी ‘आज आपले असे बोलणे झाले’ म्हणून दोन ओळी ईमेलवर टाका, आणि लेखी उत्तर येईपर्यंत पैसे भरू नका.